एकमत

आबांचा जन्म सुतारकीत गेला. मग पक्षाघात झाला, वाचा गेली आणि पायांचंच लाकूड झालं. मनाविरुद्ध काही कानावर आलं, की उजवा पाय ताडकन उडायचा. घरानं अर्थ लावून टाकला: पाय उडाला, म्हणजे आबांचं 'नाही'.

पुढे डॉक्टरांनी आबांच्या पोटात छोटा पंप बसवला. त्यातून थेंब थेंब औषध थेट मणक्यात जाऊ लागलं आणि पाय कापसासारखे मऊ पडले.

"आबा, तुमचे रंधे-पटाशा देऊन टाकू ना?" मुलानं विचारलं. पाय जागचा हलला नाही.

"आणि तुमची खाट मागच्या खोलीत टाकू?" पाय गप्पच.

"बघ, औषधानं माणूस किती समजूतदार झाला," मुलगा बायकोला म्हणाला. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. कपाळावरची शीर टरारून फुगली होती.

पंप पुन्हा भरायची तारीख आली, तेव्हा आबांना तीच घेऊन गेली.

"झटके?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकही नाही. पण औषध जरा कमी करता येईल?"

"का? काही त्रास होतोय?"

"त्रास नाही," सून म्हणाली. "आबांना एक-दोन गोष्टींना नाही म्हणायचंय."