वाया गेलेला सॅल्यूट

खर्र असा आवाज आला आणि टायरवाल्यानं हात वर केला.

"बघा मामा, घासतोय. तुम्ही म्हणता तेवढा मोठा टायर या गाडीला बसणार नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला आतून लागतो."

मामा सीटवरून उतरले. वाकून चाकाच्या वर हात घालून पाहिला. दोन बोटंसुद्धा जागा नव्हती. टायरवाला खोटं बोलत नव्हता, पण मामा हट्टाला पेटले होते.

"याच्याखालोखाल कुठला आहे?"

"अहो, आहेत त्या टायरांना काय धाड भरलीये?" दुकानातल्या बाकावरून मामी म्हणाल्या. "दोन वर्षं सहज जातील अजून. या वयात हे काय सुचतंय तुम्हाला? लोक हसतील."

आता ही गाडी काही साधीसुधी नव्हती. कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी. अकरा वर्षं ती मामांनीच चालवली, धुतली, पुसली, डोळ्यांत तेल घालून जपली. साहेबांना तिच्यावर एक स्टिकरसुद्धा खपायचं नाही. कारखान्यातून आली तश्शी राहिली पाहिजे, विषय संपला. गेल्या महिन्यात पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर मामा रिटायर झाले तेव्हा साहेब ती गाडी त्यांना फुकटच देत होते. मामांनी घेतली नाही. विकत घेतली. ड्रायव्हर असला म्हणून काय झालं, माणसाला मान असतो की नाही?

तर मामा मालक झाले. पण कुणाला पटेल तर शपथ. गल्लीत गाडी लावली की शेजारी दारातून डोकावायचे. "साहेब आलेत वाटतं?" मामा रोज सांगून थकले.

त्यांनी हातांची धूळ झटकली आणि आठवडाभर पोटात ठेवलेली गोष्ट एकदाची बोलून टाकली, टायरवाल्यासमोरच.

"मागच्या आठवड्यात फंडाच्या कागदांवर सहीसाठी कंपनीत गेलो होतो ना. फाटकावरच्या दादानं लांबूनच गाडी पाहिली. फाटक सताड उघडलं, कडक सॅल्यूट ठोकला. मग त्याला आत मी एकटाच दिसलो. म्हणतो कसा, 'मामा होय! वाया गेला की माझा सॅल्यूट.' सगळे हसले. मीपण हसलो."

आताही ते हसायला गेले, पण जमलं नाही.

मामी पर्स बाकावर ठेवून उठल्या आणि टायरांच्या थप्पीपाशी गेल्या. भाजी निवडावी तसा एकेक टायर अंगठ्यानं दाबून पाहिला.

"हा दाखवा. याची नक्षी चांगली दांडगी आहे."

तो एकच नंबर मोठा होता. टायरवाल्यानं पुढच्या चाकाला चढवला. मामांनी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, पूर्ण उजवीकडे वळवलं. कुठे घासला नाही.

"गाडी तेल थोडं जास्त पिईल हं," टायरवाला म्हणाला.

"पिऊ दे," मामी म्हणाल्या.

"आणि उंच होणार. मामींना चढायला पायरी लागेल."

मामी उंचीनं बेताच्या, त्यामुळे ते खरंच होतं. मामांना चकचकीत गोल पाइपची पायरी आवडली. मामींनी चप्पल नळाखाली ओली केली आणि पाइपवर ठेवली. सर्रकन घसरली. मग टायरवाल्यानं रबराच्या पट्ट्या लावलेली रुंद, काळी, सपाट पायरी आणली. तिच्यावर ओली चप्पल जागची हलेना.

"ही बसवा. दोन्ही बाजूंना."

मामांचा चेहरा एकदम पडला. सवय वाईट हो. "साहेबांना आवडलं नसतं," ते पुटपुटले.

"साहेबांना विचारलंय कुणी?" मामी म्हणाल्या.

टायरवाला कामाला लागला. दुपारपर्यंत गाडी तयार झाली. चाकांवर रुबाबात उभी राहिली, छाती काढून. मामा तिच्याभोवती तीनदा फिरले. मग हाताच्या सवयीनं त्यांनी मागचं दार उघडून धरलं. मामी जागच्या हलल्या नाहीत. गाडी साहेबांची होती त्या अकरा वर्षांत त्या तिच्यात एकदाही बसल्या नव्हत्या. साहेब नाही म्हणाले नसते, पण मामांनी कधी विचारलंच नव्हतं.

"मी पुढे बसणार," मामी म्हणाल्या. पायरीवर पाय ठेवून ऐटीत वर चढल्या, पट्टा लावला. "तुमची ती सही राहिलीच आहे ना, क्लार्क रजेवर होता म्हणून? आजच करून टाका."

कंपनीत शिफ्ट सुटायची वेळ होती. मागच्या आठवड्यात हसलेले सगळे फाटकापाशीच उभे होते. गाडी वळणावर दिसली तसा दादा स्टुलावरून उठला. सॅल्यूटसाठी हात काही वर गेला नाही. फाटकही उघडलं नाही. त्यानं पंजा दाखवून गाडी थांबवली.

पंचवीस वर्षांत त्या फाटकाशी मामांना पहिल्यांदाच ब्रेक मारावा लागला.

दादा जवळ आला. टायर पाहिले, पायरी पाहिली. मग मान वर करून खिडकीकडे पाहिलं, पण काचेवर ऊन होतं.

"ओ, आत कुठं? गाडी कोणाची?"

मामींनी हळूच मामांकडे पाहिलं. मामांनी काच सावकाश खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि म्हणाले,

"दादा, जरा मोठ्यानं विचार."