कोरी जागा

रिपोर्टवर ‘हिमोग्लोबिन एस’ या शब्दांपुढे टक्क्याचं चिन्ह होतं, पण आकडा नव्हता. शून्य टक्के असतं तर शून्य छापलं गेलं असतं. इथे नुसती कोरी जागा होती आणि खालच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘सिकलसेल : निगेटिव्ह’.

“ताई, बरं लिखेल शे ना?” लीलामावशीने विचारलं. ऑफिसात झाडलोट आणि चहा तिच्याकडे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी येताना ती पेढे घेऊनच आली होती. “जवाईना रगतमा दोष शे. पोरना रिपोर्ट चांगला शे, तं बाळनी तपासणी कराले नको, आसा डाक्टर सांगे.”

तिच्या मुलीला, जागृतीला, तिसरा महिना होता. आईबाप दोघांच्याही रक्तात तो दोष असेल, तर बाळाला आजार होऊ शकतो. पोटातल्या बाळाची तपासणी मग याच दिवसांत करावी लागते. हे मावशीला डॉक्टरने सांगितलं होतं आणि तिला ते नीट समजलंही होतं. म्हणूनच पेढे.

“खा ना ताई.”

स्वप्नाने पेढा तोंडात घातला आणि संगणकाकडे वळली. कामरेजच्या लॅबसाठी हा रिपोर्ट छापणारी वेबसाइट याच ऑफिसात तयार झाली होती. प्रोग्रॅमची कुठली ओळ उघडायची, ते तिला शोधावं लागलं नाही.

लॅबच्या यंत्राकडून आलेली फाइल वाचता आली नाही, की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एक्सेप्शन फेकतो. म्हणजे, हे मला जमलं नाही, असं सांगतो. ते पकडायचं, नोंदवायचं आणि रिपोर्ट तिथेच थांबवायचा, ही साधी रीत. इथे ते पकडलं होतं आणि गिळून टाकलं होतं. कंसात कोणीतरी एवढीच टीप ठेवली होती : ‘पछी जोईशुं’. नंतर बघू. या ऑफिसात निम्मं काम या दोन शब्दांवर चालायचं. आणि फाइल उघडण्याच्या आधीच निकालाच्या जागी ‘निगेटिव्ह’ भरून ठेवलेलं होतं. फाइल वाचली गेली तर निकाल बदलायचा; नाही वाचली गेली तर तोच छापून जायचा.

शेवटी प्रोग्रॅम तपासणाऱ्याचं नाव होतं. स्वप्ना.

आठ महिन्यांपूर्वी, लॅबला काम दाखवायच्या आदल्या दिवशी, तिने ही ओळ वाचली होती, तिला ती खटकली होती आणि तरी तिने ती पुढे जाऊ दिली होती. त्यानंतर दर सोमवारी ती बोलायचं ठरवत होती.

तिने सगळ्या रिपोर्टांत शोध घेतला. आकडा कोरा आणि निकाल निगेटिव्ह, असे किती?

त्रेसष्ट.

पेढ्याचा लगदा टाळूला चिकटून बसला होता. तिने तो कागदात थुंकला आणि रिपोर्ट घेऊन आतल्या केबिनमध्ये गेली.

कंपनीचे मालक राकेशभाई प्लेटमधला वाफवलेला, तेल-शेव घातलेला लोचो खात होते. हनुवटीवर तेल ओघळलं होतं, ओठाच्या कडेला शेव चिकटली होती.

“त्रेसष्ट रिपोर्ट आकड्याशिवाय गेलेत,” ती म्हणाली.

“गेले ना? म्हणजे सिस्टिम चालू आहे.” ते स्वतःच हसले.

“निकाल खोटे आहेत.”

“खोटे कशाला? बहुतेक लोक निगेटिव्हच असतात, बेन. सायन्सवाल्या तुम्ही, टक्केवारी मी शिकवू?” त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, नाव वाचलं नाही, आणि बोटं त्याच्या कोपऱ्याला पुसली. “छोटासा लोचा आहे. एरर दाखवली की लॅबवाले फोनवर फोन करतात. नाही दाखवली, तर सगळे सुखी. गुपचूप नीट करून टाका. जुनं उकरायचं नाही.”

तिला त्या बोटांची किळस आली. कागदावर पसरत चाललेल्या डागाची आली. मग तिच्या लक्षात आलं, की ‘बहुतेक लोक निगेटिव्हच असतात’ हा हिशेब तिनेही आठ महिन्यांपूर्वी मनात केला होता. तेव्हा तिच्या बोटांना तेल नव्हतं, एवढाच फरक.

दारात लीलामावशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिची नजर टेबलावरच्या कागदावर होती.

“काय व्हयनं, ताई?”

“कंई नथी, लीलाबेन,” राकेशभाई म्हणाले. “कॉम्प्युटरचं आहे. तुम्ही जाओ.”

मावशी वळली.

“थांबा, मावशी.”

राकेशभाईंचा चमचा प्लेटवर थांबला. “स्वप्नाबेन, पछी...”

“सर्व्हर मी बंद करते आहे,” स्वप्ना म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “त्रेसष्ट जणांना आजच कळवणार आहे. मावशी, पहिल्या तुम्ही. जागृतीच्या रक्ताचा आकडा आमच्याकडे आलाच नाही. निगेटिव्ह आम्ही आपल्या मनाने लिहिलं.”