कोरी नोट

नव्या मोठ्या नोटेत चित्रकाराने जीव ओतला होता: उजेडात उमटणारा चेहरा, चमकता धागा, रंग बदलणारी शाई. अंधांसाठी काठावर उठवलेल्या पाच रेघा तपासायला छापखान्याने नाक्यावरच्या अंध फुलवाल्या मावशींना बोलावलं. मावशींनी कोरा नमुना चाचपला आणि “छान आहे” म्हणत घामट मुठीत चुरगाळला. चित्रकार ओरडलाच. मावशी म्हणाल्या, “अरे बाबा, कोरी नोट माझ्यापर्यंत येते कुठे? परवा एकाने छोटी नोट मोठी म्हणून गळ्यात मारली. बघ, रेघा गेल्या.” चित्रकार खट्टू झाला, पण हट्टालाही पेटला. त्याने रेघा ठसठशीत उठवल्या आणि नवा नमुना महिनाभर बुटात घालून तुडवला. मग तो चोळामोळा झालेला नमुना मावशींच्या हातात ठेवून त्याने श्वास रोखला. त्यांचं बोट काठावर थबकलं. “मोठीच आहे!” हसून मावशींनी बोटं हुंगली. “पण मोजे धूत जा रे, बाळा.”