जावळ

"आधी तुला चोळू की बाळाला?" मालिशवाल्या गोदाक्कांनी तेलाची वाटी शेगडीवर ठेवत विचारलं. पाचव्या दिवशी त्यांनी यायचं, हे सातव्या महिन्यातच ठरलं होतं. आता नको म्हणून कळवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"बाळ नाही, गोदाक्का. पोटातच गेलं," दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या.

गोदाक्कांनी वाटी शेगडीवरून खाली घेतली. मग "बाळंतीण तर आहे ना?" म्हणत त्यांनी मला पाटावर बसवलं. ब्लाउज दुधाने भिजला होता, छाती दगडासारखी झाली होती. तिथे त्यांनी हात लावला नाही. "पिळू नकोस. आपोआप आटेल," एवढंच म्हणाल्या.

तळपाय हातात घेतल्यावर मात्र त्या थांबल्या. "हे ओरखडे कसले गं?"

"शेवटचा महिनाभर खाज सुटायची. तळहातांना, तळपायांना." भाजीचा भाव सांगावा तशी मी सांगत होते. "बाळाला जावळ दाट येतंय म्हणून खाजतं, असं आई म्हणायच्या. मीही खोबरेल लावून गप्प बसायचे. डॉक्टर म्हणाल्या, ते लिव्हरचं दुखणं होतं. तेव्हाच यायला हवं होतं."

"आणि आता?"

"आता अजिबात खाजत नाही."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाळ फक्त त्यांनीच पाहिलं होतं. मला कोणी दाखवलं नव्हतं.

"होतं का हो आई, जावळ?"

"होतं गं. पार कपाळापर्यंत."

मी दुसरा पाय पुढे केला.