कॅरमच्या संध्याकाळचे ठोके

"मेलं पुन्हा कोकलायला लागलं," मनगटावरची पट्टी दाबत कुमुदिनीबाई पुटपुटल्या. कॅरमवर पावडर भुरभुरवणारे शेजारचे सरपोतदार खाली मान घालून हसले.

त्या पट्टीतून बाईंच्या हृदयाचे ठोके क्लाउडवर जात. ते वाढले की पट्टी कोकले आणि नागपूरला लेकीच्या संगणकावरही अलार्म वाजे. लगेच तिचा फोन आला.

"आई, सगळा डेटा मागवून पाहिला. ठोके फक्त कॅरमच्या दिवशी वाढतात. दादा म्हणतो, कोड बदलून त्या वेळी अलार्म बंदच ठेवू."

"नको गं. खरंच काही झालं तर?"

"मग अलार्म बंद करताना दर वेळी कारण काय टाकू? आजवर आम्ही 'जिना चढली' असंच टाकतोय."

"मी तळमजल्यावर राहते, बाई."

"तेच तर!"

बाईंनी समोर पाहिलं.

"टाक, आईला सरपोतदार आवडतात."