बोट वगळण्याचा ठराव

नाटुकलीतून परमेश्वराचं बोट वगळण्यात आलं. ठराव एकमताने मंजूर झाला, सिस्टर नेबेकरांनी तसं जाहीर केलं आणि विषय संपला. तरी आपण असं धरून चालू की तसं काही झालंच नाही. त्या संध्याकाळी चर्चच्या बास्केटबॉल हॉलमध्ये हजर असलेल्या सगळ्या जणी तसंच धरून चालतात.

मुलींचा डोंगरावरचा उन्हाळी कॅम्प आठवड्यावर आला होता. नाटुकलीसाठी मॉर्मनच्या पुस्तकातली, म्हणजे त्यांच्या पंथाच्या धर्मग्रंथातली, गोष्ट ठरली होती. समुद्रापार निघालेल्या लोकांच्या बंद नौकांमध्ये मिट्ट काळोख. म्हणून जॅरेडचा भाऊ सोळा पारदर्शक दगड घेऊन डोंगरावर जातो, परमेश्वर एकेका दगडाला बोट लावतो आणि दगड उजळतात. दगड तयार होते. म्हणजे पीच भरून ठेवायच्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत बॅटरीचा दिवा, दिव्यांच्या वायरी टेबलाखाली, आणि टेबलाखाली बटणं घेऊन बारा वर्षांची ऑकली. तिथून तिला वरचं काही दिसत नव्हतं. बरणीवर टक् वाजलं की पुढचं बटण दाबायचं, एवढंच तिला सांगितलं होतं.

अडलं होतं ते बोटापाशी.

"देवाचं काम कुणी करायचं नाही," सिस्टर नेबेकर म्हणाल्या. या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात; या चोवीस वर्षांच्या होत्या, या मुलींची जबाबदारी त्यांच्याकडे येऊन महिना झाला होता, आणि नियम त्यांना पाठ होते. "नाटकात स्वर्गीय पिता दाखवायचा नसतो."

"अख्खा कुठे दाखवतोय?" ब्रिनली म्हणाली. ती सगळ्यांत मोठी, म्हणून दिग्दर्शक. "बोटच तर दाखवतोय."

"आणि बोट कुणाचं आहे?"

ब्रिनलीने पिशवीतून फोमचं हातभर लांब निळं बोट काढलं. सामन्याला हलवतात ते. त्यावर लिहिलं होतं, 'आम्ही नंबर एक'.

"बघा सिस्टर, शिकवणुकीला धरून आहे."

"ठेव ते आत."

"निदान 'आम्ही'वर चिकटपट्टी लावते."

"ब्रिनली!"

मुली खिदळल्या. सिस्टर नेबेकरांनी कपाळ चोळलं. "बोट काढूनच टाकू या. बोटावाचून काही अडत नाही."

हॉल चिडीचूप झाला. शेवटच्या खुर्चीत सराया बसली होती.

सराया चौदा वर्षांची. दोन उन्हाळ्यांपूर्वी गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची तर्जनी नेली. तेव्हापासून तो हात स्वेटरच्या बाहीत असे, जुलैच्या उकाड्यातही. मागच्या कॅम्पला ती आली नव्हती. याही वर्षी येणार नाही, आज फक्त आईच्या बरण्या पोचवायला आलेय, असं तिने दारातच सांगून टाकलं होतं. तिला समुद्राचं काम देऊन झालं होतं. समुद्र म्हणजे निळी चादर, दोन्ही हातांनी धरून हलवायची. ती नको म्हणाली होती.

सिस्टर नेबेकर कानापर्यंत लाल झाल्या आणि घाईघाईने त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. मत घेतलं.

"बोट वगळायला ज्यांची संमती आहे त्यांनी उजवा हात वर करा."

इथे मत असंच देतात. उजवाच हात. सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी सरायाची बाही वर गेली.

"एकमताने मंजूर," सिस्टर नेबेकर म्हणाल्या. हात खाली आले. बाही आली नाही.

"सिस्टर, दाखवायचं नाही, असा नियम आहे ना?" सरायाने विचारलं.

"हो गं."

"मग दिसलंच नाही तर?"

सराया उठली. टेबलापाशी गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने बाही मागे सारली, उरलेली बोटं मुठीत मिटली आणि म्हणाली, "दिवे घालवा."

ब्रिनलीने दिवे घालवले. बाहेर जायच्या दारावरची लाल पाटी तेवढी जळत राहिली. सरायाचा हात पहिल्या बरणीवर आला आणि बोटभर अंतरावर थांबला. बरणीला काही लागलं नाही. काही वाजलं नाही.

बरणी उजळली.

हात पुढे सरकला, बोटभर वर थांबला. दुसरी उजळली. मग तिसरी. सोळाव्या बरणीपर्यंत हॉलमध्ये कुणी खुर्चीत हललंसुद्धा नाही.

टेबलाखालून ऑकलीचं डोकं बाहेर आलं. "सगळी बरोबर दाबली ना?"

"तुला कळलं कसं?" सिस्टर नेबेकरांनी विचारलं.

"टक् वाजलं की!"

"अगं, तिने हात लावलाच नाही."

"मग वाजलं कसं?" ऑकली म्हणाली आणि बिस्किटं उरली आहेत का ते बघायला गेली.

सिस्टर नेबेकरांना पाठ असलेल्या नियमांत यावर काही नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "सराया, कॅम्पला येशील?"

"बोट येतंय. मला यावंच लागेल."

दारात बिशप स्टब्ज उभे होते. इथे बिशप म्हणजे गावातलाच कुणी गृहस्थ; हे टर्की पक्षी पाळत आणि बुधवारी कुलूप लावायला येत. किल्ल्या एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. कधी आले, कुणाला कळलं नव्हतं. आता काहीतरी बोलणं भाग होतं, बिशपला ते असतंच. दोन वर्षं ते जे बोलत आले होते तेच ते बोलले, पण या वेळी फार हळू.

"पोरी, पुनरुत्थानाच्या दिवशी डोक्यावरचा केससुद्धा हरवलेला नसेल. तुझं बोट तुला परत मिळेल."

सोळा बरण्यांच्या उजेडात सरायाने उजवा हात वर केला. बाहीवाचून.

"बिशप, एक विनंती वर कळवा. सदर बोट सध्या कामावर आहे. तरी ते अर्जदारास परत करण्यात येऊ नये."