रांग भरली

जेवणाची घंटा झाली आणि हेली आपलं ताट घेऊन थेट खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली, पोरींच्या घोळक्यात. फुराहा दाराजवळच्या टेबलाशी एकटीच राहिली. शेजारची जागा तिनं आपली लोकरी टोपी ठेवून धरली होती.

कॉलीन थिबडोला ती टोपी लांबूनच दिसली. परदेशातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि अमेरिकेच्या मेन राज्यातल्या या शाळेत रुळवायचं, हे तिचं काम. नऊ वर्षांची फुराहा थंडी सुरू होताना आली होती, युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीतून. वर्गात तिच्या तोंडातून चकार शब्द निघत नसे. जेवताना हेलीशी मात्र बोलायची. थोडं मोडकं इंग्रजी, थोडी स्वाहिली आणि बाकी सगळं खिदळणं. इथली पोरं सफरचंदाला दातही न लावता ते कचऱ्याच्या डब्यात टाकतात. पहिल्या दिवशी फुराहा त्या डब्याशी उभी राहून नुसती आत बघत राहिली होती. मग हेलीचं सफरचंद ती मागून घ्यायला लागली. गेल्या आठवड्यात तर दोघी एकच सफरचंद आळीपाळीनं चावत होत्या.

कॉलीन खिडकीकडे गेली. "हेली, फुराहा तुझी वाट बघतेय गं."

"पण बाई, माझी रांग भरली ना!" हेलीनं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "शुक्रवारी सरांबरोबर पिझ्झापण खाऊन झाला. आता ब्रिनची पाळी."

पोरीच्या आवाजात लबाडी नव्हती. दिलेलं काम तिनं नीट पुरं केलं होतं, एवढंच. कॉलीनला तिच्यावर रागावताही येईना.

'मैत्रीचा फळा' ही मुख्याध्यापक डॉयल यांच्या सुपीक डोक्यातून निघालेली टूम. नव्या मुलाशेजारी बसून जेवलं की नावापुढे एक सोनेरी चांदणी. रांग भरली की साहेबांबरोबर पिझ्झा. डॉयल आताही फळ्यापाशीच उभे होते, हातात चांदण्यांचा कागद घेऊन, प्रसाद वाटायला बसल्यासारखे.

"सर, त्या पोरीला तुम्ही भाड्यानं मैत्रीण दिलीत," कॉलीन म्हणाली. "आणि आता काढूनही घेतलीत."

"अहो कॉलीनबाई, भाडं काय म्हणता! प्रोत्साहन म्हणा, प्रोत्साहन." डॉयल हसले. "आणि एकाच पोरीला किती दिवस जुंपायचं? इतरांनाही संधी नको?"

जुंपायचं! आपण काय बोललो हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. तळलेल्या बटाट्यांचा, सांडलेल्या दुधाचा, बर्फातून आलेल्या ओल्या बुटांचा वास रोजचाच होता. आज मात्र कॉलीनला तो सहन होईना. या माणसाची, त्या फळ्याची, त्या चकचकीत कागदाची तिला किळस आली.

तेवढ्यात ब्रिन आली. फुराहाची टोपी उचलून तिनं बाकाच्या टोकाला सरकवली आणि त्या जागेवर बसली. "हाय! आजपासून मी तुझी मैत्रीण!" फुराहानं तोंड उघडायच्या आत तिनं मान वळवून हाक मारली, "सर, मी बसले! माझी चांदणी?"

"ही घे, शाबास!" डॉयलनी ब्रिनच्या नावापुढे पहिली चांदणी दाबून बसवली.

फुराहानं ते पाहिलं. मग तिची नजर वरच्या रांगेवर गेली, हेलीच्या. ती रांग तिनं सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग खिडकीकडे पाहिलं. हेलीनं तिला बघून आनंदानं हात हलवला. फुराहानं हलवला नाही.

कॉलीन तिच्याकडे निघाली खरी, पण जवळ जाऊन सांगणार काय होती?

फुराहा उठली. फळ्यापाशी गेली. नखानं हेलीच्या रांगेतल्या चांदण्या एकेक करून सोलायला लागली. डॉयल "अगं, अगं" करत राहिले. मूठभर चांदण्या तिनं आणल्या आणि ब्रिनच्या ताटाशेजारी ठेवल्या.

"ह्या सगळ्या तुला," ती स्पष्ट इंग्रजीत म्हणाली. "आता तू तुझ्या मैत्रिणींकडे जा."

ब्रिननं एकदा डॉयलकडे पाहिलं, मग चांदण्या ओंजळीत गोळा केल्या आणि खिडकीकडे पळाली.

"ऐकलंत?" डॉयलनी कॉलीनचा दंड धरला. "अख्खं वाक्य! एक सोडून दोन! कॉलीनबाई, तीन महिने वर्गात जे झालं नाही ते माझ्या फळ्यानं करून दाखवलं की नाही?"

"हात काढा, सर," कॉलीन म्हणाली.

त्यांनी हात काढला, पण तिच्याकडे लक्ष कुठं होतं? कागदावरची सगळ्यात मोठी चांदणी सोलून ते फुराहाकडे गेले आणि वाकून ती त्यांनी तिच्या स्वेटरवर, छातीशी चिकटवली. "ही खास तुझी हं, बेटा!"

फुराहा हलली नाही. ते बाजूला झाले तशी तिनं चांदणी उपटली आणि ताटातल्या सफरचंदाला चिकटवली. सफरचंद अजून उष्टं व्हायचं होतं. मग ताट उचलून ती कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि सगळ्या पोरांसारखं तिनंही ते आत उपडं केलं. सफरचंद धपकन तळाशी गेलं.

डॉयल कौतुकानं बघत होते.

"रुळली बरं का पोर," ते म्हणाले.